केळ्यांच्या खोलीतलं ऑफिस

घरात काहीही पडलं, पातेलं असो की नारळ, मी आधी हातातलं टाकून धावते आणि मग काय पडलं ते बघते. मी जन्माची भित्री आहे. नवरा म्हणतो, तुला काळजी करायला विषय लागत नाही, रिकामा वेळ पुरतो. म्हणू दे. तीन वर्षांपूर्वी माझे सासरे वाडीत केळींना पाणी लावताना भोवळ येऊन पडले, तेव्हा घरात कोणीच नव्हतं. नवरा अंधेरीला कामावर, मी मालाडला. शेजारची बाई केळीची पानं मागायला आली आणि तिला ते पाण्याच्या दांडात, अर्धे बुडालेले दिसले. डॉक्टरांनी सांगितलं, यांचा रक्तदाब एकदम उतरतो, पुन्हा होऊ शकतं, यांना घरात एकटं ठेवू नका.

त्या दिवसापासून माझ्यापुढे एकच गोष्ट होती. बाबा पुन्हा पडले तर जवळ कोणीतरी असायला हवं. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगी शिकायला पुण्याला. नवऱ्याचं काम घरून होण्यासारखं नव्हतं, माझं होतं. परदेशातल्या एका हॉस्पिटलच्या रुग्णांना फोन करायचा, तब्येतीचे ठरलेले प्रश्न विचारायचे आणि डॉक्टरांची वेळ द्यायची, असं माझं काम. दुपारी एक ते रात्री साडेनऊ. कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली, पण अटींचा कागद हातभर. स्वतंत्र खोली हवी, दार बंद होणारं हवं, खोलीत दुसरं माणूस नको आणि फोनवर दुसऱ्या कोणाचा आवाज तर अजिबात नको, कारण रुग्णांची माहिती गुप्त. सुरुवातीला व्हिडिओवर खोली दाखवायची, मगच मंजुरी.

नंदाखाल गावात आमचं बैठं घर आहे. पुढची खोली, तिथे वेदी, म्हणजे आमचा घरचा देव्हारा. मग दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे मोरीकडे जाणारा एक बोळ. बोळाच्या टोकाला केळी पिकत घालायची खोली. मी पुढच्या खोलीपासून सुरुवात करून सगळीकडे मोबाईल घेऊन फिरले. कुठे रिक्षाचा आवाज, कुठे शेजारच्यांचा कोंबडा. माझं तोंड उतरलेलं बघून बाबांनीच मला मागे नेलं.

"ही घे," ते म्हणाले. "या खोलीतून आवाज बाहेर जात नाय नि बाहेरचा आत येत नाय. वारा पन शिरला नाय पायजे म्हनून बांधलेली हाय."

खरंच होतं. जाड भिंती, वर एक हातभर झरोका, आणि एकच जड दार. पूर्वी यात केळ्यांचे लोंगर, म्हणजे अख्खे घड, रचून, पाल्याने झाकून, धुरी देऊन दार बंद करायचे. एकदा बंद केलं की ठरलेल्या वेळेआधी ते कोणी उघडायचं नाही, पोरांनी तर हातही लावायचा नाही, असा घरचा नियम. आता केळी कोणी घरी पिकवत नाही, व्यापारी हिरवीच उचलतो. खोलीत जुन्या टोपल्या आणि तुटलेला पंप पडून होता.

ती खोली सजवण्यात मी महिना घालवला, आणि खोटं का बोलू, मजा आली. टेबलासाठी बाबांनी माळ्यावरची फणसाची फळी काढून दिली आणि गावातल्या सुताराला बाजूला बसवून रंधा स्वतः मारला. उंची ठरवायला मला खुर्चीवर बसवून त्यांनी कोपरापासून जमिनीपर्यंत दोरी धरली आणि दोरीला गाठ मारली. सुताराने टेप काढला तर म्हणाले, "टेपने लाकूड मोजतात, मानूस दोरीने मोजायचा." खुर्ची आणली कामणच्या गोदामातून. कुठलंसं ऑफिस बंद पडलं होतं, त्यांच्या खुर्च्या तिथे येऊन पडल्या होत्या. एकेका खुर्चीवर पाच-पाच मिनिटं बसून पाहिलं. गोदामवाला म्हणाला, ताई, खुर्ची घ्यायला आलात की आराम करायला? कंबरेला नीट टेकणारी सोळावी निघाली.

दिवा डावीकडून, म्हणजे लिहिताना हाताची सावली पडत नाही. संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. पायाखाली उलटी टोपली, कारण माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. झरोक्यात लहान पंखा. इन्व्हर्टरची वायर वेगळी. हवा सोडली तर कशाला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हवेला पिकल्या केळ्यांचा वास होता. तो चुना लावूनही गेला नाही. पहिल्या आठवड्यात व्हिडिओ मीटिंगला माझ्या नाकावर चिलट बसलं, ते सगळ्या टीमने पाहिलं.

खोली मंजूर झाली. मी घरी, बाबा घरी. मधल्या सुट्टीत बाहेर यायचं, त्यांना पेज द्यायची, गोळी द्यायची, परत आत. सहा महिने बरे गेले.

मग ती तक्रार आली.

आमच्या घरी संध्याकाळी सातला रोजरी होते, म्हणजे माळेवरची प्रार्थना. नवरा घरी नसतो, मी आत असते, म्हणून बाबा वेदीपुढे एकटेच म्हणतात. पण एकटे असले म्हणून हळू म्हणतील ते बाबा कसले. गावात कोणाच्या घरी मयत झालं की प्रार्थना सांगायला त्यांनाच बोलावतात. त्यांची 'नमो मारिया' तिठ्यावर ऐकू जाते. एका संध्याकाळी माझ्या खोलीचं दार नीट लागलं नव्हतं आणि फोनवरच्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, तुमच्याकडे कोणी वारलं आहे का? मी नाही म्हणाले, तिने मला धीर दिला, आणि कॉल रेकॉर्ड होत असल्यामुळे आठवड्याने मला पत्र आलं. खोलीत दुसऱ्याचा आवाज. पुन्हा झाल्यास घरून काम बंद, मालाडला हजर व्हावं.

मालाडला हजर होणं म्हणजे बाबा पुन्हा एकटे. मला दुसरं काही सुचेना. मी त्यांच्यापुढे बसले आणि ज्या माणसाचा आवाज ऐकत हे सगळं गाव प्रार्थना करतं, त्याला म्हणाले, "बाबा, जरा हळू म्हणाल का? माझं काम जाईल हो."

ते लगेच म्हणाले, "मंग, मनात म्हनेन. देवाला कय, मनातलं पन ऐकू येते." आणि हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

मी तिथेच थांबले असते तरी ठीक होतं. पण भित्र्या माणसाला एका कुलपाने झोप येत नाही. तुळिंजच्या बाजारातून फोमच्या जाड लाद्या आणल्या आणि भिंतींना, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवल्या. दाराच्या फटीला रबराची पट्टी. कानाला बाहेरचा आवाज गाळणारा हेडफोन. आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याने दारावर, बाहेरच्या बाजूला, लाल झिरोचा बल्ब लावला. बटण माझ्या टेबलाशी. लाल लागला म्हणजे मी कॉलवर, आवाज नको, दार नको. विझला की काहीही बोला.

बाबांनी बल्बकडे बराच वेळ पाहिलं. चर्चमध्ये पवित्र मंजूषेजवळ, म्हणजे प्रसादाची भाकर ठेवतात त्या पेटीजवळ, लाल दिवा असतो. तो पेटलेला असला म्हणजे प्रभू आत आहे, मग तिथे बोलायचं नाही, गुडघा टेकायचा. आमची पोरंसुद्धा चालायला लागली की आधी हे शिकतात. बाबांनी तर तरुणपणी कितीतरी वर्षं त्या दिव्यात तेल घातलं होतं. बल्ब बघून ते म्हणाले, "म्हनजे आता तुं पन मंजूषेत."

आम्ही तिघंही खूप हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून, दोन कॉलच्या मधे दिवा तसाच ठेवून दार किलकिलं केलं की मला दिसायचं, ते बोळात आले की चपला हातात घेतात. दिवा पेटलेला असेल तर मान किंचित लववून पुढे जातात. एकदा हात कपाळाकडे गेलेलाही मी पाहिला. मी नवऱ्याला ही गंमत म्हणून सांगितली. ऑफिसातल्या मैत्रिणीलाही सांगितली. ती म्हणाली, नशीबवान आहेस, माझ्या घरात तर सासू मागे उभी राहून भाजीचा भाव विचारते.

भीती मात्र गेली नाही, तिने फक्त कूस बदलली. आधी घरातला आवाज आत येईल म्हणून भीत होते, आता येत नाही म्हणून भिऊ लागले. आत बसलं की घर आहे की नाही तेच कळेना. स्वतःचा श्वास आणि लांबच्या देशातल्या माणसाचा आवाज, बस्स. मी हेडफोनचा एक कान वर सरकवायची. काही उपयोग नाही, भिंती मुक्या. दोन कॉलच्या मधे धावत जाऊन दार उघडायची, बाबा दिसले की परत. ते विचारायचे, काय विसरली? मी म्हणायची, पाणी.

मग मी बिनतारी घंटा आणली. बटण त्यांच्या गळ्यात दोरीने, घंटा माझ्या टेबलावर. बरं नाही वाटलं तर दाबा, लगेच येते. त्यांनी ऐकून घेतलं. घंटा कधी वाजली नाही. मला वाटलं, वेळ आली नसेल. माझं मन तेवढ्यापुरतं गप्प झालं, आणि मी ते गप्प होऊ दिलं.

तो जानेवारीतला गुरुवार होता. कामाचा रेटा होता, एकामागून एक कॉल येत होते, त्यामुळे मधे उठता आलं नाही. शेवटची होती एक ऐंशीच्या पुढची बाई. ती हळू बोलायची, प्रत्येक उत्तराला एक गोष्ट जोडायची. आमच्या ठरलेल्या प्रश्नांत एक प्रश्न असा असतो: गेल्या सहा महिन्यांत तुम्ही घरात पडला होता का? ती म्हणाली, हो, जिन्यापाशी. तीन तास पडून होते. खूप हाका मारल्या, घसा बसला, शेवटी टपाल टाकणाऱ्याने ऐकलं. मी आम्हाला शिकवलेल्या मऊ आवाजात म्हणाले की ऐकून वाईट वाटलं. पुढचा प्रश्न: तुमच्या घरात हाकेच्या अंतरावर कोणी असतं का? ती नाही म्हणाली. मी तशी खूण केली, तिला पुढच्या आठवड्यातली वेळ दिली आणि सुट्टीसाठी उठले. दार उघडलं. घाईत दिव्याचं बटण बंद करायचं राहिलं होतं.

बाबा बोळात पडले होते. दारापासून तीन पावलांवर. एक कुशीवर, गाल लादीवर, एक पाय नको तसा वळलेला. चपला शेजारी होत्या, दोन्ही नीट एकीजवळ एक. डोळे उघडे होते. दार उघडल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे नाही, वर बल्बकडे पाहिलं. मग कुजबुजत्या आवाजात विचारलं, "झाला कॉल?"

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. शेजारून चुलत दीर धावत आला, त्याने गाडी काढली. गाडीत बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ते थंडगार होते, लादीसारखे. बटण त्यांच्या गळ्यातच होतं, बनियनच्या आत. मी ते बघितलं आणि मला कळेना की ते बिघडलं होतं की हात पोचला नव्हता. बिघडलेलं असावं अशी मी रस्ताभर प्रार्थना करत होते. सांगायला लाज वाटते, पण हेच मागत होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी त्यांना पेज भरवताना मी विचारलं, "बाबा, बटण का नाही दाबलं? हाक तरी मारायची."

ते माझ्याकडे असं बघायला लागले, जणू प्रश्नच खुळा आहे. "लाल दिवा लागलेला ना. तुंच हांगितलेलं, दिवा हाय तवर आवाज नाय."

"अहो, पण तुम्ही पडला होतात!"

"मंग कय झालं. तुं कामात होतीस." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "मी कय रिकामा नव्हतो पडलेलो. अख्खी रोजरी झाली बोटांवर. दुसरीची पन तीन रहस्यं झाली. मनात म्हटली, तुना तरास नको."

अख्ख्या रोजरीला, म्हणजे पाच रहस्यांना, बाबांच्या चालीने पाऊण तास लागतो. तीन रहस्यांना आणखी पंचवीस मिनिटं. हा हिशोब मी हॉस्पिटलच्या संडासात नळ सोडून केला. सत्तर मिनिटं. ज्या माणसाला एकटं ठेवायचं नाही म्हणून मी सगळा खटाटोप केला, तो माझ्या दारापाशी सत्तर मिनिटं एकटा पडून होता, आणि आत मी परक्या बाईला विचारत होते की हाकेच्या अंतरावर कोणी असतं का. हाकेचं अंतर तीन पावलं होतं. हाक मीच बंद केली होती.

  नवऱ्याने घरी येऊन बल्ब काढला, फोम ओरबाडून काढला, भिंतीचा चुनाही त्याच्याबरोबर सुटून आला. टेबल आम्ही दोघांनी उचलून पुढच्या खोलीत आणलं, वेदीच्या बाजूला, बाबांच्या खाटेसमोर. मी मॅनेजरबाईंना फोन करून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, रुग्णांचे कॉल तिथून नाही करता येणार, लेखी काम देते, फायली तपासायच्या. रोज एक तास तरी कॉल घ्यावे लागतील, तेव्हा दुसरी खोली बघ. मी हो म्हणाले. तो एक तास चुलत जाऊ येऊन बसते.

आता बाबा वॉकरने चालतात. टेबल त्यांच्यासमोर, मला ते दिसतात, त्यांना मी दिसते. झालं असं वाटेल. पण बाबांचा आवाज परत आला नाही. मी सांगितलं, बाबा, आता दिवा नाही, इथे कॉल नाही, मोठ्याने म्हणा रोजरी. ते हो म्हणतात आणि ओठ हलवतात. टीव्हीचा आवाज बारीक ठेवतात. चमचाही बशीत अलगद ठेवतात. ज्या घरात त्यांच्या आवाजाने कौलांवरचे कावळे उडायचे, तिथे मला फाईल तपासताना घड्याळ ऐकू येतं. मी एकदा चिडून ओरडले, "बाबा, काहीतरी आवाज करा ना! मला भीती वाटते." आणि मग रडले. ते घाबरून माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना खोकला सुरू झाला. दहा-पंधरा मिनिटांनी एकदा, खोलीत असोत की मागे मोरीत, "ख्हं." मी काढा केला, डॉक्टरांकडे नेलं. छाती साफ. डॉक्टरांनी औषध दिलं नाही. चार दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी काढा करणं थांबवलं. मी मान खाली घालून काम करते, कुठूनतरी "ख्हं" येतं, आणि पुढची दहा मिनिटं माझी बोटं नीट चालतात.

गेल्या सोमवारी दुपारी तो आला नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. खाटेवर ऊन येत होतं म्हणून ते मधल्या खोलीत आडवे व्हायला गेले होते. मी एका फाईलच्या मधोमध होते. वीस मिनिटं झाली तेव्हा मी अशी उठले की खुर्ची मागे पडली तीही मला कळली नाही. बाबा पलंगावर उताणे होते, तोंड किंचित उघडं, एक हात खाली लोंबत. मी दारात उभी राहिले. पुढे जायचा धीर होईना. त्यांच्या छातीवरच्या बनियनकडे बघत राहिले, ते वर-खाली होतं की नाही, आणि मला खरंच दिसेना, कारण माझं स्वतःचंच सगळं अंग हलत होतं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. नुसता लोंबणारा हात उचलून मला जा अशी खूण केली.

"हाय मी," ते म्हणाले. "जरा डोळा लागला. तुं जा, काम कर."